नर्सिंगला गेलेला मुलगा: पडद्याच्या आतलं काम कसं शिकायचं

महाराष्ट्रात मुलाला नर्सिंग करायचं असेल तर बारावीनंतर वाटा दोनच: तीन वर्षांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. एएनएम (दोन वर्षांचा सहायक परिचारिका कोर्स) फक्त मुलींसाठी आहे. पुण्याच्या एएफएमसीतलं (लष्कराचं मेडिकल कॉलेज) बी.एस्सी. नर्सिंगही मुलींचंच, कारण तिथून मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये जायचं असतं. दिल्लीच्या एम्समधलं बी.एस्सी. ऑनर्सही तसंच. दरवर्षी काही मुलं हे न वाचता फॉर्म भरतात आणि एक-दोन महिने आशेवर काढतात.

बी.एस्सी.साठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के. राज्याची सीईटी १०० प्रश्नांची, वेळ ९० मिनिटं. त्यात बारावीच्या विषयांसोबत नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूडचे प्रश्न असतात. ते वाचलेल्या पुस्तकापेक्षा साध्या समजुतीवर सुटतात, त्यामुळे त्यासाठी वेगळा क्लास लावण्याची गरज नाही.

कॉलेजांचा पसंतीक्रम लावण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि त्या ऑफिसात न विचारता तिथे शिकणाऱ्या मुलांना विचाराव्यात. पहिली, मुलांचं होस्टेल आहे का. बऱ्याच नर्सिंग कॉलेजांचं होस्टेल फक्त मुलींसाठी असतं. मग मुलं बाहेर खोली करून राहतात, आणि खोली कॉलेजजवळ घेतात. पोस्टिंग असतं हॉस्पिटलला, जे कॉलेजपासून पाच-सात किलोमीटरवर असू शकतं. इव्हिनिंग रात्री आठला सुटते, नाईट आठला लागते, तेव्हा शहर बस मिळेलच असं नाही. खोली हॉस्पिटलपासून चालत जाता येईल अशी बघावी. दुसरा प्रश्न, मॅटर्निटीचं पोस्टिंग कुठे असतं आणि मुलांना लेबर रूममध्ये उभं करतात का. याचं उत्तर 'हो, पण' असं आलं तर त्या 'पण'ची नीट चौकशी करावी.

प्रवेश झाला की लगेच हिपॅटायटिस बी ची लस सुरू करावी. तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. वॉर्डातलं पोस्टिंग पहिल्याच सेमिस्टरला सुरू होतं आणि कोर्स पुरा व्हायला अर्धं वर्ष जातं, म्हणून 'नंतर घेऊ' परवडत नाही. युनिफॉर्मबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सेकंदकाटा असलेलं घड्याळ हवं. नाडी आणि श्वास मोजताना मोबाईल काढलेला कुठल्याच इन्चार्ज सिस्टरना आवडत नाही.

वॉर्डात पाऊल ठेवलं की मुलगा 'ब्रदर' होतो. पेशंट त्याला डॉक्टर म्हणतात, मावशी दादा म्हणतात, आणि इन्चार्ज सिस्टरची हाक येते ती बहुतेक वेळा शिफ्टिंगसाठी. ट्रॉलीवरून बेडवर घ्यायला, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला, दारू सुटल्यामुळे बरळणाऱ्या पेशंटला धरायला. सुरुवातीला यात जरा मोठेपणाही वाटतो. मग सेमिस्टर संपत आल्यावर लॉगबुक उघडलं की कळतं: मुलींची इंजेक्शनं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), ड्रेसिंग सह्यांसकट भरलेली, आणि मुलांची पानं अर्धी कोरी. उचलाउचलीसाठी लॉगबुकात रकानाच नसतो. यावर भांडून उपयोग होत नाही. ड्यूटीच्या सुरुवातीला ओव्हर, म्हणजे मागच्या शिफ्टकडून वॉर्डाचा ताबा, घेतानाच सांगून ठेवायचं, 'सिस्टर, शिफ्टिंगला मी आहेच, पण दहाची इंजेक्शनं आणि सहा नंबरचं ड्रेसिंग मला ठेवा.' आधी सांगितलेलं बहुतेकदा पाळलं जातं, नंतर केलेली तक्रार ऐकली जात नाही.

शिफ्टिंग करायचंच तर नीट करावं. पाठी जातात त्या ताकद कमी पडून जात नाहीत, घाईमुळे जातात. आधी ट्रॉली आणि बेड दोन्हींची चाकं लॉक. मग सलाईनची नळी, कॅथेटर (लघवीची नळी), ड्रेन (जखमेतला स्राव काढणारी नळी) कुठल्या बाजूला आहे ते पाहून पिशवी पेशंटच्या आधी पलीकडे न्यायची. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, जुन्या बेडला अडकलेली राहिली आणि पेशंट सरकला, तर मूत्राशयात फुगा फुगवून अडकवलेला कॅथेटर ओढला जातो आणि रक्त येतं. पेशंटला बगलेत हात घालून उचलू नये. खालच्या आडव्या चादरीच्या कडा गुंडाळून धराव्यात, गुडघे वाकवावेत आणि सरकवावं. मणक्याला मार असल्याचा संशय असेल तर चार माणसं जमल्याशिवाय हात लावू नये. एक डोक्याशी, तीन खांदा, कंबर आणि पाय या ठिकाणी. आकडे डोक्याशी उभा असलेलाच मोजतो, बाकी कुणी नाही. कितीही घाई असली तरी दोघांत हे काम होत नाही.

मुलाच्या वाट्याला हमखास येणारं दुसरं काम म्हणजे पुरुषांना कॅथेटर घालणं. हे मात्र लॉगबुकात जातं, आणि शिकण्यासारखं त्यात बरंच आहे. प्रौढ पुरुषाला साधारण १४ किंवा १६ नंबरची फोली, म्हणजे टोकाशी फुगा असलेलं कॅथेटर. ट्रेमध्ये स्टराइल ग्लोव्हज, होल टॉवेल (मध्ये भोक असलेला), बीटाडीन, दोन टक्के लिग्नोकेन जेली (बधिर करणारी), स्टराइल वॉटर भरलेली १० मिलीची सिरिंज आणि युरोबॅग. फुग्यात सलाईन भरू नये. त्याचे खडे नळीत धरले तर काढायच्या वेळी फुगा रिकामा होत नाही.

जेली नुसती कॅथेटरच्या टोकाला फासून भागत नाही, आणि वॉर्डात नेमकं तेच केलं जातं. सुमारे १० मिली जेली मूत्रमार्गात हळूहळू सोडायची, टोक बोटांनी हलकं दाबून धरायचं आणि तीन ते पाच मिनिटं थांबायचं. तोवर पेशंटशी बोलत राहावं, त्याचे खांदे सैल होतात. मग शिश्न सरळ वर धरून थोडं ताणायचं, म्हणजे मार्गातला पहिला बाक निघतो. प्रोस्टेटपाशी अडल्यासारखं वाटलं तर ते थोडं खाली झुकवून पेशंटला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं आणि स्थिर, हलका दाब ठेवायचा. तरीही गेलं नाही तर थांबून डॉक्टरांना बोलवायचं. जोर लावला की मार्ग फाटतो, आणि पुढच्या माणसाला तिथून कॅथेटर जाणं आणखी कठीण होतं.

कॅथेटर बाहेरच्या टोकाला जिथे दोन तोंडांत फुटतो, पार त्या फाट्यापर्यंत आत गेला पाहिजे आणि लघवी आली पाहिजे, त्यानंतरच फुगा. लघवी दिसली म्हणून अर्ध्यावरच फुगा फुगवला तर तो प्रोस्टेटच्या भागात फुगतो. पेशंट ओरडला किंवा सिरिंजचा दट्ट्या जड वाटला तर पाणी लगेच परत ओढून घ्यायचं. लघवी आलीच नाही तर कधी कधी जेलीनेच भोक बुजलेलं असतं. ओटीपोटावर हलका दाब देऊन थोडं थांबावं. फुग्यात किती पाणी घालायचं ते झडपेवर छापलेलं असतं. शेवटची पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते: मागे सारलेली पुढची कातडी पुन्हा पुढे आणणं. ती मागेच राहिली तर काही तासांत सूज येऊन अडकते आणि पेशंटला थिएटरमध्ये न्यायची पाळी येऊ शकते. नळी मांडीवर किंवा ओटीपोटावर सैल चिकटवायची. नोंदीत नंबर, पाणी किती घातलं, लघवी किती आली, रंग कसा, हे लिहायचं.

आता बायकांचे वॉर्ड. इथे मुलं दोन प्रकारे चुकतात. काही जण कामच टाळतात. काही जण काम करतात पण संकोचाने अर्धवट करतात, आणि हे जास्त वाईट. ईसीजी हे त्याचं चांगलं उदाहरण. व्ही-१ आणि व्ही-२ उरोस्थीच्या उजव्या-डाव्या कडेला, चौथ्या फटीत लावायचे असतात. उरोस्थीवर वरच्या भागात एक उंचवटा लागतो, त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिच्या खालची फट दुसरी, तिथून खाली मोजत चौथीवर यायचं. संकोचलेला मुलगा पदर फारसा न सरकवता, न मोजता, वरच कुठेतरी दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लावून मोकळा होतो. व्ही-४ पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली काढलेल्या रेषेत हवा. तो स्तनाच्या वरच चिकटवला जातो. पट्टी निघते, मशीन काही तक्रार करत नाही. पण पट्टीवरचं उंच टोक, म्हणजे आर लाट, व्ही-१ पासून पुढे नीट वाढताना दिसत नाही आणि पूर्वी कधीतरी अटॅक येऊन गेल्यासारखं चित्र उमटतं. बाईला काहीच झालेलं नसताना ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि इकोसाठी (हृदयाची सोनोग्राफी) पाठवलं जातं.

बरोबर करायचं तर आधी पडदा, मग सोबत मावशी, सिस्टर किंवा वर्गातली मुलगी, आणि मगच पेशंटशी बोलणं. बोलणं साधं असावं: 'काकू, मी नर्सिंगचा विद्यार्थी आहे. छातीची पट्टी काढायची आहे. छातीवर सहा ठिकाणी बटणं लावावी लागतात, ब्लाऊज सैल करावा लागेल. या ताई इथेच थांबतील. चालेल का?' हे खाली मान घालून पुटपुटलं की समोरची बाई घाबरते. आवाज नेहमीचा ठेवायचा. वर चादर घालून हातापायाचे क्लिप आधी लावावेत: लाल उजवा हात, पिवळा डावा, हिरवा डावा पाय, काळा उजवा. तोवर काकूंनाही अंदाज येतो. व्ही-१, व्ही-२ चादरीच्या कडेने मोजून लावता येतात. पुढच्या तीन-चार बटणांसाठी त्यांनाच स्तन वर उचलून धरायला सांगावं. जमत नसेल तर हाताच्या पाठच्या बाजूने उचलावं, तळव्याने नाही. बटणं लावली की चादर ओढून घ्यायची, पट्टी नंतर काढायची. रजिस्टरला 'महिला कर्मचारी उपस्थित' आणि तिचं नाव लिहिण्याची सवय पहिल्यापासून लावावी. पडद्याआड एकट्याने जायचं नाही, हा नियम पेशंटइतकाच आपल्याही बचावाचा आहे. कितीही गर्दी असली तरी यात सूट नाही.

बायकांचं कॅथेटर, पेरिनियल केअर (गुप्तांगाची स्वच्छता) ही कामं वॉर्डात मुलींकडेच जातात, आणि ते ठीकच आहे. पण परीक्षेत हीच प्रोसिजर पुतळ्यावर येते आणि मुलाचा हात तिथे अडतो. लॅबमध्ये जादा वेळ मागून पुतळ्यावर हात बसवून घ्यावा. मुलींचीही पुरुषांच्या कॅथेटरमध्ये हीच गत असते, त्यामुळे एकमेकांना शिकवण्याचा व्यवहार चांगला जमतो.

मनोरुग्णालयाचं पोस्टिंग (येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं) मुलांना सोपं जातं असा समज आहे. तिथे मुलांना पुरुष वॉर्डात टाकतात आणि कुणी उसळला की बांधायला बोलावतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ९७ वं कलम वाचून जावं. बांधणं हा स्वतःला किंवा दुसऱ्याला होणारी तातडीची इजा टाळण्याचा एकमेव उपाय असेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने आणि लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून चालत नाही. तोंडी हाकेवर विद्यार्थ्याने धावून जाऊ नये. सिस्टरना 'ऑर्डर आहे ना?' एवढं विचारलेलं पुरतं.

खरा घाट मिडवायफरीचा, म्हणजे प्रसूतीच्या कामाचा. २०२१ पासूनच्या सेमिस्टर अभ्यासक्रमात तो सहाव्या-सातव्या सेमिस्टरला येतो. आधीच्या वार्षिक अभ्यासक्रमात ३० गरोदर बायकांची तपासणी, २० नॉर्मल प्रसूती, २० बाळंतिणींची काळजी असा केस बुकचा भार होता. आताचे आकडे आपापल्या बॅचच्या लॉगबुकात पहिल्याच दिवशी बघून घ्यावेत. मुलाला त्यात काहीही सूट नाही. पण लेबर रूमच्या दारात मात्र त्याला 'तू बाहेर थांब' ऐकावं लागतं, आणि तेवढ्या वेळात मुलींच्या केसेस होऊन जातात.

नकार येण्याचं मुख्य कारण म्हणजे मुलगा चुकीच्या वेळी पोचतो. बाळाचं डोकं दिसायला लागलं की निरोप जातो, चौघं विद्यार्थी धावत येतात, त्यात एक अनोळखी मुलगा. कोणती बाई हो म्हणेल? त्याऐवजी ती दाखल झाल्यापासून तिच्यापाशी असावं. पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते ते मांडायचा तक्ता, हे त्यासाठी उत्तम निमित्त. गर्भाशयाचं तोंड चार सेंटीमीटर उघडल्यावर तो सुरू होतो. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, आईची नाडी आणि दहा मिनिटांत किती कळा आल्या याची मोजदाद, दर चार तासांनी बीपी, ताप आणि आतली तपासणी. यातली आतली तपासणी सोडली तर सगळं पोटावर हात ठेवून आणि कपड्यांत राहून होतं. कळ मोजताना दहा मिनिटं हात पोटावरून उचलायचा नाही, सेकंदात कळ किती टिकली ते लिहायचं. मधल्या वेळात पाणी देणं, कंबर चोळायला तिच्या आईला किंवा सासूला दाखवणं, कूस बदलून देणं. तीन-चार तासांत ती 'दादा, अजून किती वेळ?' असं विचारायला लागते. अशा बाईच्या प्रसूतीला उभं राहायला सहसा हरकत येत नाही. आलीच तर 'बरं ताई' म्हणून बाहेर पडायचं. सिस्टरना तिची समजूत घालायला लावू नये. प्रसूतीच्या टेबलावर मिळवलेल्या होकाराला काही अर्थ नसतो.

हात नीट तयार करायचा तर एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीला. तपासणीआधी लघवी करून यायला सांगायचं, नाहीतर भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय वर चढलेलं वाटतं आणि उंची चुकते. गुडघे थोडे दुमडलेले, कपडा फक्त छातीच्या टोकापासून जघनाच्या हाडापर्यंत बाजूला, पायांवर चादर. हात एकमेकांवर चोळून गरम करून घ्यावेत. थंड बोटांनी पोट आवळतं आणि काही कळत नाही. गर्भाशय १२ आठवड्यांना जघनाच्या हाडाच्या जरा वर, २४ ला बेंबीपाशी, ३६ ला छातीच्या टोकाशी. मग चार ग्रिप, म्हणजे बाळाची स्थिती चाचपण्याच्या हाताच्या चार पद्धती, क्रमाने. पहिल्या तीन तिच्या चेहऱ्याकडे तोंड करून, चौथी पायांकडे वळून. बोटांची टोकं न खुपसता तळव्याने दाबायचं. संकोचलेला मुलगा इतका हलका हात लावतो की पाठ कुठे आणि हातपाय कुठे हे लागतच नाही, आणि मग शेजारणीच्या वहीतून 'एलओए' (बाळाच्या डोक्याची नेहमीची डावीकडची स्थिती) उतरवतो. मॅडमनी पुन्हा पोटाला हात लावला की ते पकडलं जातं. ठोके ऐकताना दुसऱ्या हाताने आईची नाडी धरावी, नाहीतर तिचाच ठोका बाळाचा म्हणून मोजला जातो.

प्रसूतीत मुलांना सहज मिळणारी आणि खूप शिकवणारी जागा म्हणजे बाळ घेणं. वॉर्मर आधी सुरू करून ठेवायचा, दोन कोरडे गरम टॉवेल, म्यूकस सक्शन, श्वास द्यायची बॅग आणि ० व १ नंबरचे मास्क तपासून घ्यायचे. मास्क फाटका आहे हे बाळ न रडल्यावर कळलं तर उशीर झालेला असतो, कारण पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात झाली पाहिजे. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे बाळ आल्यावर वार पडेपर्यंत, पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही ना याची खात्री, मग एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) १० युनिट दंडात किंवा मांडीत. हेही मुलाने मागून घ्यावं.

बाळंतिणीला अंगावर पाजायला शिकवणं हात न लावताही जमतं. बाहुली आणि मोज्याचा केलेला स्तन घेऊन समोर बसायचं. चार खुणा दाखवायच्या: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो आणि खाली कमी. टाक्यांची पाहणी मात्र सिस्टरसोबत एकदा तरी स्वतः करावी. 'पॅड किती बदलले?' एवढ्या विचारण्यावर भागवलं तर आत धरत असलेली रक्ताची गाठ दिसत नाही.

कम्युनिटी पोस्टिंगमध्ये घरभेटीला आशाताई किंवा वर्गातली मुलगी बरोबर असावी, आणि घरात बाई एकटी असेल तर ओटीवरूनच बोलावं. इथे मुलांचा एक खास उपयोग होतो, जो कॉलेजं फारसा करून घेत नाहीत: पुरुष नसबंदी. गावातले पुरुष आशाताईशी यावर बोलत नाहीत. मुलाला मात्र पारावर बाजूला घेऊन विचारतात, ताकद जाते का, जड काम जमेल का. ताकदीशी संबंध नाही हे सांगून पुढचं महत्त्वाचं सांगावं: ऑपरेशन झाल्या दिवसापासून खात्री नसते. तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्यतपासणी करून घ्यायची. हे न सांगितल्यामुळे दिवस जातात आणि घरात नको ते संशय सुरू होतात.

हजेरीचा हिशोब थिअरीला ८० टक्के, प्रॅक्टिकलला परीक्षेपुरते ८० पण पदवीआधी पूर्ण १००. म्हणजे लेबर रूमच्या बाहेर बसून काढलेले तास कागदावर भरले तरी केसेस राहतात, आणि त्या शेवटी इंटर्नशिपच्या आसपास ग्रामीण रुग्णालयात नाईट करून भराव्या लागतात. खरं तर नाईटला विद्यार्थ्यांची गर्दी कमी असते, तेव्हा आधीपासूनच नाईट मागून घेतलेली बरी. सही त्याच दिवशी घ्यावी. सिस्टरची बदली झाली की जुन्या केसवर कुणी सही करत नाही.

पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, मुलांचीही आरएन-आरएम (नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफ) अशीच. नोकरीत मुलांना आयसीयू, डायलिसिस, थिएटर, कॅज्युअल्टी इथे जागा मिळतात. सरकारी जाहिरात मात्र बारकाईने वाचावी: एम्सच्या नोर्सेट (नर्सिंग ऑफिसरांची सामाईक परीक्षा) भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत, त्यामुळे मुलांचा कटऑफ वेगळा लागतो आणि तयारी त्या हिशोबाने करावी लागते. परदेशी जायचा विचार असेल तर कॉलेज सोडण्याआधीच विषयवार तासांची ट्रान्सक्रिप्ट काढून ठेवावी. अमेरिकेसारख्या ठिकाणी मॅटर्निटीचे थिअरी आणि क्लिनिकल तास वेगवेगळे मागतात, आणि मुलांच्या अर्जात तोच रकाना आधी तपासला जातो. तास मोघम लिहिले असतील तर प्रिन्सिपल मॅडम असेपर्यंत दुरुस्त करून, शिक्का मारून, दोन प्रती बंद पाकिटात घ्याव्यात.